समुद्रकाठची प्रागैतिहासिक स्थळं आणि बदलतं हवामान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर लिहायला लागल्यापासून वाचकांकडून तेच तेच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुद्दाम स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवरची जास्त घेतली आहेत. इतक्या छोट्या जागेत एवढ्या जुन्या वस्त्या, एवढा खवळलेला समुद्र आणि एवढ्या शिस्तीने ठेवलेल्या नोंदी क्वचितच एकत्र सापडतात. कोकण, गोवा आणि द्वारकेचे प्रश्न शेवटच्या भागात आहेत.

१. प्रागैतिहासिक स्थळ म्हणजे नेमकं किती जुनं?

त्या त्या प्रदेशात लेखी नोंदी सुरू होण्याआधीचा काळ म्हणजे प्रागैतिहास. त्यामुळे जगभर लागू पडेल असं एकच साल सांगता येत नाही. इंग्लंडमधल्या हॅपिसबर्गची पाऊलखुणांची जागा आठ लाख वर्षांहून जुनी मानतात. अलास्कातलं नुनालेक हे यूपिक या तिथल्या मूळ रहिवाशांचं गाव फक्त काही शतकांपूर्वीचं आहे. तरीही दोन्ही ठिकाणी आपल्या हाती कागद नाही, माती आहे. म्हणून ती माती वाहून गेली की दुसरीकडे कुठे जाऊन शोधायचं, हा प्रश्नच उरत नाही. किल्ला पडला तरी त्याची बखर, पत्रं, नकाशे मागे राहतात. इथे असं काही मागे राहत नाही.

२. एवढ्या वस्त्या समुद्राच्या इतक्या जवळ का? तेव्हाच्या लोकांना धोका कळत नव्हता का?

चांगला कळत असणार. किनाऱ्यावर शिंपले, मासे, पक्षी, सील, वाहून आलेलं लाकूड असं सगळं मिळायचं आणि होडीने ये-जाही सोपी होती. पण आज अगदी काठावर दिसणाऱ्या बऱ्याच वस्त्या मुळात काठावर नव्हत्याच. ऑर्कनीतलं स्कारा ब्रे वसलं तेव्हा समुद्र बराच लांब होता. मधली जमीन पाच हजार वर्षांत समुद्राने खाल्ली. लोक समुद्राजवळ गेले नाहीत, समुद्र त्यांच्या घरापर्यंत आला.

३. हवामान बदलामुळे धोका म्हणजे फक्त पाण्याची पातळी वाढणं का?

नाही. पातळी वाढते आहे हे खरं. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या तज्ज्ञ मंडळाच्या सहाव्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि २००६ ते २०१८ दरम्यान वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. पण वर्षाला पावणेचार मिलिमीटरने एखादी वस्ती बुडत नाही. ती जाते एखाद्या रात्री, उधाण आणि वादळ एकत्र आल्यावर. पातळी वाढली की तेवढ्याच जोराच्या वादळाची लाट पूर्वीपेक्षा वर पोचते आणि जिथे दहा-वीस वर्षांतून एकदा पाणी लागायचं तिथे ते वरचेवर लागतं.

पाऊसही आहेच. मुसळधार पावसाने भिजलेला मातीचा कडा आतून सुटतो आणि ढासळतो, लाट नंतर फक्त ढिगारा उचलून नेते. उलट कोरडेपणाने वाळूच्या टेकड्यांवरचं गवत गेलं की वारा वाळू उडवतो. ऑर्कनीतल्या वेस्ट्रे बेटावरचं लिंक्स ऑफ नोल्टलँड असंच उघडं पडत गेलं. तिथे एका नवाश्मयुगीन (शेती आली पण धातू आला नव्हता त्या काळातल्या) इमारतीच्या पायात गुरांच्या किमान २८ कवट्या ओळीने रचलेल्या मिळाल्या, आणि २००९ मध्ये जेमतेम चार सेंटिमीटरची एक मानवी मूर्ती मिळाली. डोळे, भुवया, छातीवरच्या रेघा, सगळं कोरलेलं. स्कॉटलंडमध्ये सापडलेला मानवी चेहऱ्याचा हा सगळ्यात जुना नमुना मानतात. वारा आणखी थोडा वाहिला असता तर ही मूर्ती वाळूत कुठे घरंगळली असती, कोणाला कळलंही नसतं.

गोठलेल्या आणि अतिकोरड्या प्रदेशांतला धोका वेगळा आहे, त्यासाठी प्रश्न १२ पाहा.

४. स्कारा ब्रेचं नाव सारखं येतं. तिथे एवढं विशेष काय आहे?

स्कारा ब्रे हे दगडी घरांचं गाव आहे, साधारण इसवी सनपूर्व ३१८० ते २५०० या काळातलं. म्हणजे इजिप्तमधल्या गिझाच्या पिरॅमिडच्या आधी वसलेलं. ऑर्कनीत लाकूड फारसं नव्हतं, त्यामुळे लोकांनी घरातलं सामानही दगडाचंच केलं. म्हणून ते टिकलं. दारातून आत पाहिलं की मध्यभागी चौकोनी चूल, दोन्ही बाजूंना दगडी फळ्यांचे पलंग आणि दारासमोरच्या भिंतीला दोन मजली दगडी मांडणी. आत येणाऱ्याची नजर आधी त्या मांडणीवर पडावी अशीच ती ठेवलेली आहे. घरं अरुंद, झाकलेल्या बोळांनी एकमेकांना जोडलेली आहेत आणि खालून सांडपाण्याची गटारं जातात.

भिंतींच्या भोवती राख, शिंपले, हाडं, कुजलेला कचरा यांचा जाड थर आहे. हा गावाचाच उकिरडा. घरं त्यातच रोवून बांधलेली, कारण त्याने वारा अडायचा आणि ऊब राहायची. संशोधकाच्या दृष्टीने हा उकिरडा भिंतींइतकाच मोलाचा आहे: लोक काय खात होते, कोणती जनावरं पाळत होते, हवा कशी होती, हे सगळं त्यात आहे. आणि लाटेपुढे सगळ्यात आधी तोच विरघळतो.

गाव उजेडात आलं तेही वादळामुळेच. १८५० च्या हिवाळ्यात वादळाने वाळूच्या टेकडीवरचं गवत सोलून काढलं आणि भिंती दिसू लागल्या. १९२४ च्या वादळात बांधकामाचा काही भाग समुद्रात गेला, मग समुद्राच्या बाजूला भिंत बांधली गेली. त्यानंतर पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनी तिथे उत्खनन केलं. त्यांना हे गाव लोहयुगातलं वाटलं होतं. १९७० च्या दशकात कार्बन कालमापन (हाडांसारख्या सेंद्रिय अवशेषांतल्या कार्बनवरून वय काढणं) झालं तेव्हा ते नवाश्मयुगातलं असल्याचं नक्की झालं. हे कालमापन कशावर झालं असेल? समुद्राने तोवर न नेलेल्या हाडांवर आणि कचऱ्यावर.

१९९९ मध्ये स्कारा ब्रे, मेसहाऊचं थडगं आणि स्टेनेस व ब्रॉडगरची दगडी वर्तुळं, ही ऑर्कनीतली स्थळं मिळून जागतिक वारसा यादीत आली. २०१९ मध्ये हवामान असुरक्षितता निर्देशांक या, वारसास्थळाला हवामान बदलाचा किती धोका आहे ते मोजणाऱ्या पद्धतीने तपासलेलं जगातलं पहिलं सांस्कृतिक वारसास्थळ हेच. निष्कर्ष गंभीर निघाला. समुद्रपातळी, बदललेला पाऊस आणि वादळांचा जोर व वारंवारता हे तीन सर्वांत मोठे धोके ठरले.

५. मग चांगली भक्कम भिंत बांधून टाकायची. एवढं काय अवघड आहे?

डहाणू ते वेंगुर्ला या पट्ट्यात ज्यांनी धूपप्रतिबंधक बंधारे पाहिले आहेत त्यांना याचं उत्तर ठाऊक आहे. बंधारा संपतो तिथून पुढची जमीन जास्त वेगाने खचते. लाटेचा जोर कमी होत नाही, तो फक्त बाजूला सरकतो. स्कारा ब्रेची भिंत शंभर वर्षांपूर्वीची आहे आणि तिनेच आज गाव राखलं आहे, हे मान्य करायलाच हवं. पण तिच्या दोन्ही बाजूंची वाळू झिजते आहे, त्यामुळे पाणी बगलेतून आत येण्याची भीती आहे. म्हणून तिथे सतत डागडुजी आणि लेसर मोजणी चालते.

दुसरी अडचण संख्येची. जगप्रसिद्ध एका गावासाठी भिंत उभी राहते. शेजारच्या बेटावरच्या नाव नसलेल्या शेकडो जागांसाठी कोणी बांधणार नाही, आणि बांधली तरी त्या किनाऱ्याची वाळू अडल्याने तिसरीकडे धूप सुरू होईल. माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक ठिकाणी भिंत हा पर्यायच नाही. नोंद हाच पर्याय आहे.

६. मंदिरं, धरणाखाली जाणारी गावं उचलून दुसरीकडे नेतात. ही स्थळं का हलवत नाहीत?

काही वेळा हलवतात. इंग्लंडच्या नॉरफक किनाऱ्यावर १९९८ मध्ये ओहोटीच्या वेळी ५५ ओकच्या खांबांचं वर्तुळ दिसलं, मध्ये उलटा पुरलेला एका प्रचंड झाडाचा बुंधा. लोक त्याला सीहेंज म्हणतात. ते इसवी सनपूर्व २०४९ मधलं आहे, इतकं अचूक साल झाडाच्या वाढीच्या वलयांवरून मिळालं. खांब उघडे पडल्यावर कुजणार हे दिसत होतं म्हणून १९९९ मध्ये ते काढले, त्यांच्यावर मेणाची प्रक्रिया केली, आणि आता ते किंग्ज लिनच्या संग्रहालयात आहेत. याला तेव्हा कडाडून विरोध झाला. ज्या जागेसाठी ते रचलं होतं तिथून उपटलं तर उरलं काय, असा लोकांचा सवाल होता. मला तो अजूनही रास्त वाटतो. पण त्या जागी सोडलं असतं तर खांबही राहिले नसते आणि २०४९ हे सालही कळलं नसतं.

लाकडाचे खांब काढता येतात. उकिरड्यात रोवलेलं स्कारा ब्रे उचललं तर भिंती येतील आणि भोवतीची माती विस्कटेल, म्हणजे निम्मं स्थळ तिथेच संपेल.

७. धोका आहे हे माहीत आहे तर सगळ्या जागा आत्ताच उकरून का घेत नाहीत?

उत्खनन म्हणजे थर काढून टाकणं. एकदा खणलेला थर परत लावता येत नाही, आणि उद्याच्या पद्धतींसाठी काहीच शिल्लक राहत नाही. चाइल्ड यांना कार्बन कालमापन उपलब्ध नव्हतं. आपल्याला आज जे उपलब्ध नाही ते पन्नास वर्षांनी असेल. शिवाय खणलेल्या वस्तू जपायच्या असतात. ओलं लाकूड, हाड, कातडं बाहेर आल्यावर दिवसागणिक खराब होतं. जागा, पैसा आणि माणसं नसताना खणणं हा दुसरा विनाश आहे.

अपवाद अर्थातच आहेत. ऑर्कनीतल्या राउझी बेटावरचं नोव ऑफ स्वान्ड्रो थेट भरतीच्या माऱ्यात आहे, तिथे नवाश्मयुगीन थडग्यापासून पुढच्या काळातल्या इमारतींपर्यंत सगळं एकावर एक आहे. ब्रॅडफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी तिथे अनेक उन्हाळे काम केलं आणि मोसम संपताना जागा दगड आणि वाळूच्या पोत्यांनी पुन्हा झाकली. तिथल्या एका तांबटाच्या कार्यशाळेत दगडी ऐरण मिळाली, तिच्यावर काजळीने उमटलेले हाताचे आणि गुडघ्याचे ठसे होते. कारागीर टेकून बसला तिथेच. ही कार्यशाळा प्रागैतिहासाच्या अगदी शेवटाकडची, पण काजळीचा ठसा लाटेपुढे किती टिकला असता याचा विचार करा. अशा ठिकाणी थांबणं म्हणजे गमावणं, म्हणून तिथे खणणंच योग्य.

८. कुठे खणायचं, कुठे सोडून द्यायचं, हे ठरवतं कोण?

स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठाशी जोडलेल्या स्केप ट्रस्टने यासाठी किनाऱ्याजवळ राहणाऱ्या लोकांना सोबत घेतलं. आधीच्या सर्वेक्षणांतल्या जागांची यादी लोकांच्या मोबाइलवर दिली. फिरायला गेलेला माणूस जागेवर जाऊन फोटो काढतो, कडा किती मागे सरकला ते कळवतो. त्यावरून जागांचा क्रम लागतो: किती महत्त्वाची आणि किती लवकर जाणार. इंग्लंड, वेल्स आणि फ्रान्सच्या ब्रिटनीतही अशा मोहिमा झाल्या.

यातलं कटू सत्य हे की क्रम लावणं म्हणजे तळाच्या जागा सोडून देणंही. त्याची जाहीर नोंद ठेवणारी यंत्रणा मला न बोलता विसरणाऱ्या यंत्रणेपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते.

९. समुद्र तर पूर्वीही वाढलाच होता. मग आजच एवढी ओरड का?

सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. बर्फ वितळला आणि ब्रिटन व युरोपमधला डॉगरलँड नावाचा अख्खा प्रदेश उत्तर समुद्राखाली गेला. तेव्हाच्या लोकांना मागे सरकायला जागा होती. आज मागे रस्ते, शहरं आणि शेतं आहेत.

आणि बुडणं म्हणजे दर वेळी नष्ट होणंही नाही. जागा गाळाखाली शांतपणे झाकली गेली तर उलट उत्तम टिकते. इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटाजवळ ११ मीटर खोल पाण्यात बोल्डनर क्लिफ आहे, आठ हजार वर्षांपूर्वीचं. १९९९ मध्ये एक शेवंड आपलं बीळ साफ करताना गारगोटीचे घडवलेले तुकडे बाहेर टाकताना पाणबुड्यांना दिसली, आणि ते ठिकाण सापडलं. तिथे लाकूड आणि दोरीसुद्धा मिळाली. खरा घात होतो तो लाटा फुटतात त्या पट्ट्यात, आणि समुद्र वर सरकतो तसा हा पट्टा नवनव्या जागांवरून जातो. गाळ आधी आला की जागा वाचते, लाट आधी आली तर जाते.

१०. किनाऱ्याची प्रत्येक धूप हवामान बदलामुळेच होते का?

नाही, आणि तसं म्हणणाऱ्यांमुळे विषयाचं नुकसान होतं. स्कारा ब्रेवर १८५० मध्येही वादळ आलं होतं. रेती उपसा, बंदरं, नदीवरची धरणं यांनी किनाऱ्याला मिळणारी वाळू कमी होते. ससे आणि गुरं टेकड्या भुसभुशीत करतात. मुख्य स्कॉटलंडची जमीन हिमयुगातलं बर्फाचं ओझं उतरल्यामुळे अजूनही हळूहळू वर येते, म्हणून तिथे समुद्राची वाढ थोडी कमी जाणवते. कडेच्या ऑर्कनी, शेटलंडला तो आधार नाही. हवामान बदल या सगळ्या जुन्या कारणांचा जोर वाढवतो. एका विशिष्ट कड्याच्या एका विशिष्ट पडझडीचं खापर त्याच्यावर फोडायचं तर त्या जागेची वर्षानुवर्षांची मोजणी हाताशी हवी.

११. वादळामुळेच तर नवी स्थळं सापडतात. मग हा फायदा नाही का?

हॅपिसबर्गचं उदाहरण घ्या. मे २०१३ मध्ये समुद्राने वाळू ओढून नेली आणि चिकणमातीच्या थरावर सुमारे पन्नास पावलं दिसली, आफ्रिकेबाहेर सापडलेली तेव्हाची सर्वांत जुनी. भरती-ओहोटीच्या मधल्या वेळात, पडत्या पावसात संशोधक ठशांत साचलेलं पाणी काढत फोटो घेत होते. त्यावरून संगणकावर त्रिमिती प्रतिकृती झाली. पावलांच्या लांबीवरून त्यांत मुलंही असावीत असं दिसतं. दोन आठवड्यांच्या आत तो थर पूर्ण झिजून गेला. तो फोटोसंच नसता तर आज आपल्याकडे काहीही नसतं. ही जागा दिसली कारण त्या वेळी नेमका जाणता माणूस त्या किनाऱ्यावर होता. माणूस नसलेल्या किनाऱ्यांवर काय उघडं पडून गेलं, त्याचा हिशोब कोणीच ठेवू शकत नाही. म्हणून मी याला फायदा म्हणत नाही.

१२. थंड प्रदेशात, वाळवंटात, गुहांत तर वस्तू सुरक्षित असतात ना?

असायच्या. अलास्कातल्या नुनालेकमध्ये गोठलेल्या जमिनीमुळे लाकडी मुखवटे, विणलेल्या टोपल्या, गवताच्या दोऱ्या ताज्या राहिल्या. जमीन वितळू लागली की त्या कुजतात, आणि बर्फाने बांधलेला कडा सुटून बेरिंग समुद्रात पडतो. तिथे यूपिक गावकऱ्यांनी आणि अ‍ॅबर्डीन विद्यापीठाने मिळून उत्खनन केलं, आणि वस्तू त्यांच्याच क्विनहागाक गावातल्या संग्रहालयात ठेवल्या.

चिलीच्या अटाकामा किनाऱ्यावरच्या चिंचोरो लोकांनी सात हजार वर्षांपूर्वी आपल्या मृतांच्या ममी केल्या, इजिप्तच्या आधी. अरिकाच्या संग्रहातल्या काही ममींची कातडी मऊ पडून काळी पडू लागली. हवेतला दमटपणा वाढला की कातडीवरचेच साधे जिवाणू जोर धरतात, असं तपासणीत निघालं.

फ्रान्समध्ये मार्सेयजवळच्या कॉस्केर गुहेचं तोंड आज समुद्राखाली ३७ मीटरवर आहे. आत घोडे, समुद्रपक्षी, हातांचे ठसे आहेत, काही तीस हजार वर्षांहून जुने. गुहेचा मोठा भाग आधीच पाण्यात आहे आणि पाणी घोड्यांच्या चित्रांच्या खालच्या कडेपर्यंत पोचलं आहे. या गुहेला भिंत घालता येत नाही. म्हणून संपूर्ण मोजणी करून २०२२ मध्ये मार्सेयमध्ये प्रतिकृती उघडली.

१३. कोकणातल्या कातळशिल्पांना समुद्राचा धोका आहे का?

थेट समुद्राचा फारसा नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातली बहुतेक कातळशिल्पं उंच सड्यांवर, म्हणजे सपाट कातळी माळांवर, जांभ्यात कोरलेली आहेत. कशेळीचा सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातलं फणसामाळ यांसह नऊ ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. तिथला आजचा मोठा धोका चिरेखाणी, रस्ते, बांधकामं आणि बेफिकीर पाय हाच आहे. हवामानाचा भाग पावसाचा: जांभा सच्छिद्र असतो, रेषांमध्ये पाणी आणि शेवाळं साचतं आणि कडा झिजतात. थोड्या वेळात जास्त पाऊस पडू लागला तर ही झीज वाढेल.

किनाऱ्यालगतची खरी काळजी वेगळी आहे. मुंबईच्या परिसरात के. आर. यू. टॉड यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कांदिवली आणि इतरत्र दगडी हत्यारं नोंदवली, त्यातल्या बऱ्याच जागा शहराखाली गेल्या. खाडीमुखं, खाजणं आणि वाळूचे दांडे यांचं स्कॉटलंडसारखं बारकाईने, पुन:पुन्हा होणारं सर्वेक्षण कोकणाला हवं. निसर्ग आणि तौक्ते या २०२० आणि २०२१ च्या चक्रीवादळांनंतर घरं-बागांचे पंचनामे झाले. उघड्या पडलेल्या थरांचे पंचनामे करायची सवय अजून लागायची आहे.

१४. द्वारका बुडाली, तीही हवामान बदलामुळेच का?

हिमयुगानंतरची मोठी वाढ सुमारे सात हजार वर्षांपूर्वी बहुतांश थांबली होती. त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर पातळी, गाळ आणि भूहालचाली यांनी किनारा पुढे-मागे होत राहिला. लोथल हे हडप्पाकालीन बंदर आज समुद्रापासून बरंच आत आहे, तेही याच कारणाने. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या एस. आर. राव यांच्या पथकाने १९८० च्या दशकात द्वारकेच्या समुद्रात दगडी बांधकामाचे अवशेष आणि नांगर शोधले. त्यांचा काळ वादाचा आहे. त्यातले पुष्कळ नांगर नंतरच्या ऐतिहासिक काळातल्या व्यापाराचे असावेत असं त्याच संस्थेतल्या पुढच्या संशोधकांनी मांडलं. म्हणून त्यावरून आजच्या हवामान बदलाबद्दल काही सिद्ध करू नये. बुडालेल्या जागा कशा टिकतात ते प्रश्न ९ मध्ये आहे.

१५. पावसाळ्यानंतर किनाऱ्यावर किंवा सड्यावर जुनं काही दिसलं तर मी काय करू?

उचलू नका, खणू नका. वस्तू कोणत्या थरात, कोणत्या खोलीवर आहे यातच तिची निम्मी माहिती असते. शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवून फोटो काढा, एक जवळून आणि एक लांबून, ज्यात एखादं झाड, घर किंवा खडक दिसेल. मोबाइलवर स्थानाचे आकडे आणि भरतीची वेळ लिहून ठेवा. कातळशिल्पाच्या रेषा फोटोत उठून दिसाव्यात म्हणून खडू, चुना किंवा रंग लावू नका. अचूक ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका, वस्तू चोरणारेही ते वाचतात.

मग राज्य पुरातत्त्व विभागाच्या जवळच्या कार्यालयाला किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी कळवा. जमिनीत पुरलेलं मौल्यवान काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. उत्तर यायला वेळ लागला तर तोवर दर मोठ्या उधाणानंतर त्याच जागेवर, त्याच कोनातून पुन्हा फोटो घ्या आणि तारीख लिहा.